बांबूच्या स्ट्रॉ काळ्या का पडतात? या चुका टाळा

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली आणि बांबूच्या स्ट्रॉ पुष्कळ घरांत पोहोचल्या. मात्र त्या थोड्याच दिवसांत काळ्या पडतात, वास मारतात किंवा उभ्या चिरतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष बांबूचा नसतो, तर धुतल्यानंतर नळी आतून न वाळण्याचा असतो. बांबूची बाहेरची साल टणक आणि गुळगुळीत असते, पण आतली भिंत ओलावा शोषून घेते. शिवाय बांबूत पिष्टमय पदार्थ असतात. त्यावर दूध, ताक किंवा फळाच्या गराचा अंश राहिला की बुरशीला आणखी काही लागत नाही.

म्हणून वापर झाल्याबरोबर स्ट्रॉ विसळावी, दोन्ही टोकांकडून बारीक ब्रश फिरवावा आणि ती वाऱ्याला ठेवावी. पेला पालथा घालतो तशी स्ट्रॉही उभी ठेवली की काम झाले, असे वाटते. परंतु बंद तळाच्या भांड्यात निथळलेले पाणी खाली साचते आणि खालचे टोक त्यातच भिजत राहते. स्ट्रॉचे एकच टोक काळे पडत असेल, तर कारण बहुधा हेच असते. जाळीचा तळ असलेला चमच्यांचा स्टँड वापरावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ती पंख्याखाली रात्रभर ठेवल्यावरच डब्यात भरावी, आणि डबाही हवाबंद नसावा.

वास येऊ लागल्यास स्ट्रॉ पाण्यात थोडा व्हिनेगर घालून काही मिनिटे उकळावी. कोकम सरबताने आलेली लालसर छटा हा निव्वळ डाग आहे, त्याची चिंता नको. मात्र उकळून आणि घासूनही काळे ठिपके राहिले, तर स्ट्रॉ टाकून द्यावी. चीर गेलेल्या स्ट्रॉचेही तेच. चिरेत अडकलेले दूध कोणत्याही ब्रशने निघत नाही, त्यामुळे तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

चिरा पडण्याची कारणे वेगळी आहेत: रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवणे, लगेच कडक उन्हात टाकणे, किंवा डिशवॉशरच्या गरम हवेत वाळवणे. थोडा वेळ ऊन चालते, दिवसभर नव्हे. काहीजण चकाकीसाठी गोडे तेल लावतात. ते आत खवट होते, तेव्हा हा उपद्‌व्याप करूच नये.

घरी स्ट्रॉ करणाऱ्यांची चूक बांबू निवडण्यापासूनच सुरू होते. सिंधुदुर्गातला माणगा किंवा विदर्भातला मानवेल या बांबूच्या जाती काठीसाठी उत्तम, पण त्यांची कांडी पुष्कळदा भरीव किंवा जाड भिंतीची असतात. स्ट्रॉसाठी पातळ भिंतीचे, पोकळ आणि पूर्ण वाळलेले पेर हवे, आणि दोन्ही बाजूंच्या गाठी वगळूनच ते कापावे. टोकांना बारीक पॉलिश पेपर मारला नाही, तर कुसळ ओठाला लागते. विकत घेतलेली स्ट्रॉही उजेडाकडे धरून आत डोकावून पाहावी. पापुद्रा लोंबत असेल, तर तो ब्रशने काढून मगच ती उकळावी. स्ट्रॉमधून पिठासारखा भुसा पडू लागला, तर ते बांबू पोखरणाऱ्या किड्याचे लक्षण असते आणि अशी स्ट्रॉ इतर स्ट्रॉंपासून ताबडतोब वेगळी काढावी.