श्रद्धेची टवाळी झाली, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत हल्ली विटंबनेचे एखादे चित्र मोबाइलवर येते आणि बघता बघता सगळ्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या परिसरात, फिरते. अशा वेळी पहिले पथ्य म्हणजे ते पुढे न पाठवणे, कारण निषेध म्हणून पाठवले तरी प्रसार आपल्याच हातून होतो. त्यानंतर मूळ मजकूर पूर्ण वाचावा आणि ती श्रद्धेची चिकित्सा आहे, चर्चच्या कारभारावरील टीका आहे की निव्वळ चिखलफेक, हे ठरवावे. चर्चच्या जमिनीविषयी कोणी प्रश्न विचारला असेल, तर कागदपत्रे दाखवावीत. तेथे भावना दुखावल्याची ढाल पुढे करणे अप्रामाणिकपणाचे आहे.

मजकूर खरोखरच बोचणारा असेल, तर लेखकाला थेट पत्र लिहावे. आक्षेपार्ह वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून ते का लागले, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे; उदाहरणार्थ, “मिस्साबलीतील, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेतील, भाकर आमच्यासाठी नुसते प्रतीक नाही, ते प्रभूचे शरीर आहे, म्हणून तिची थट्टा आम्हाला घरच्या माणसाच्या थट्टेसारखी लागते.” पुष्कळांना हे ठाऊकच नसते. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितले आहे, आणि तो आदर टवाळखोरालाही लागू आहे, असे मी मानतो.

पोलिसांत जावे का? भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये, म्हणजे १९२७ साली दंडसंहितेत आलेल्या जुन्या २९५-अ मध्ये, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते कलम वैध ठरवतानाही याच हेतूवर बोट ठेवले होते. रस्त्यावरचा क्रूस कोणी फोडला किंवा कोणाला मारण्याची धमकी दिली, तर तक्रार अवश्य करावी. केवळ शब्दांसाठी मात्र मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली महायाजकाने वस्त्रे फाडून ज्याला दोषी ठरवले, तो आपलाच प्रभू होता (मत्तय २६:६५), आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडले तेही याच आरोपाखाली. शोमरोनी गावाने आश्रय नाकारला, तेव्हा आकाशातून अग्नी पाडू का, असे विचारणाऱ्या शिष्यांना येशूने धमकावले (लूक ९:५५).

याहून कठीण भाग आपल्या स्वतःच्या जिभेचा आहे. इफिस शहराच्या नगरलेखकाने ख्रिस्ताचा प्रचार करणाऱ्या पौलाच्या सोबत्यांविषयी जमावाला सांगितले, की ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रेषितांची कृत्ये १९:३७). सातेरी किंवा रवळनाथ या ग्रामदैवतांच्या गावात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाविषयी शेजाऱ्याला हीच साक्ष देता आली पाहिजे. गणेशचतुर्थीला शेजाऱ्याकडचा प्रसाद घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. परंतु नाकारायचाच असेल, तर हात जोडून नाकारावा आणि घरी येऊन मुलांसमोर त्या देवाची चेष्टा करू नये. प्रार्थनासभेत दुसऱ्याच्या दैवताविषयी बोलण्यापूर्वी तो शेजारी समोर बसला आहे असे समजून वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. ख्रिस्ताविषयीची आपली साक्ष लपवू नये, ती स्पष्ट शब्दांत द्यावी. अथेन्सात पौलाने मूर्तिपूजेशी आपला मतभेद लपवला नाही, पण बोलायला सुरुवात केली ती अथेन्सकरांच्याच वेदीवरील लेखापासून.

पत्राला उत्तर म्हणून क्षमायाचना आली, तर जेथे संताप व्यक्त झाला होता तेथेच ती वाचून दाखवावी. काहीच उत्तर न आल्यास विषय तेथेच थांबवावा आणि त्या लेखकाच्या कुटुंबाला वाळीत टाकण्याच्या ठरावावर, तो कोणीही मांडला तरी, सही करू नये. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसा नसता तरी ख्रिस्ती माणसाने त्यावर सही केली नसती.