बिस्किटांत अमोनिया कसा वापरावा

दिवाळीच्या आधी आमच्या बेळगावात बायका पिठाचे गोळे आणि ट्रे घेऊन गल्लीतल्या बेकरीत जातात. तिथल्या बिस्किटाला येतो तो खुसखुशीतपणा घरच्या ओव्हनमध्ये का येत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. कारण होतं अमोनिया, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. बिस्किटाच्या पुड्यावर ५०३(ii) हा आकडा दिसला तर तो हाच.

आधी खरेदी नीट करा. रविवार पेठेत असो की निपाणी-खानापुरात, बेकरीचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून खाण्यासाठीचा म्हणून लिहिलेला बंद पुडाच घ्या. नवसागर वेगळा. कन्नडमध्ये ज्याला ‘अडुगे सोडा’ म्हणतात तो आपला खायचा सोडा, तोही वेगळा. सोडा तापला की त्याचा खारट, साबणासारखा अंश मागे राहतो. अमोनियाचा मात्र तापल्यावर सगळाच वायू होतो, मागे काहीच उरत नाही. पण तो वायू बाहेर पडायला वाट हवी. म्हणून अमोनिया पातळ, कोरड्या बिस्किटांसाठीच. मी एकदा तो केकमध्ये घातला होता. केक छान फुगला, पण ओलसर गाभ्यात वास अडकला आणि कोणालाही तो खाववेना. जाड, फुगीर नानकटाईलाही सोडाच बरा.

२५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम तूप आणि चिमूटभर मीठ घ्या. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसा. पाव छोटा चमचा अमोनिया, सपाट मापाने, चमचाभर गार पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात घाला. पाणी गरम नको, नाहीतर वायू वाटीतच उडून जाईल. खडा राहिला तर बिस्किटावर तेवढ्याच जागी मोठं भोक पडतं. मैदा घालून लागेल तेवढ्या दुधाने गोळा करा, मळत बसू नका. कच्चं पीठ चाखू नका.

अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, कापा, काट्याने टोचा. १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. खिडकी उघडी ठेवा. ओव्हनचं दार उघडताना तोंड बाजूला करा, वाफ डोळ्यांना झोंबते. लहान मुलं जवळ नकोत. कडा सोनेरी झाल्या की काढा. करपेपर्यंत भाजू नका: अमोनियाच्या बिस्किटांत गडद भाजल्यावर अॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थ जास्त बनतो. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरम बिस्किटाला थोडा वास असतो, तो गार होता होता जातो. गार झाल्यावरही राहिला, तर बिस्किट जाड झालं किंवा भाजणं कमी पडलं.

उरलेला अमोनिया घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. उघडा राहिला तर हळूहळू उडून जातो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचे खडे होतात. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबला नाही, तर त्याच्यात दम उरलेला नाही. नवा आणा.