पेपर टाकताय? आयटीतली नोकरी सोडताना बॉन्ड, कोड आणि लॅपटॉपचं काय करायचं

माझ्या जुन्या टीममध्ये एक पोरगा होता, कामाला एक नंबर. नोटीस पिरियडचे तीन महिने तो एकाच गोष्टीने हैराण, की अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही' असं छापलंय आणि आपण तर नेमके तिकडेच चाललोय. काकांच्या ओळखीतला वकील गाठला, दोन हजार दिले, तरी झोप नाही. आणि शेवटच्या शुक्रवारी, केक कापून झाल्यावर, याने चार वर्षांत लिहिलेल्या स्क्रिप्टांची एक झिप फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली. का, तर 'माझ्याच तर आहेत'. सोमवारी सकाळी एचआर आणि सिक्युरिटीवाले दोघंही फोनवर. त्या एक वर्षाच्या कलमाचं कुणी नावही काढलं नाही, झिपवरून मात्र रिलिव्हिंग लेटर दीड महिना लटकलं.

बहुतेकांचं असंच होतं, घाबरायचं तिथे बिनधास्त आणि जिथे काही नाही तिथे घाम. डॉक्टरांना कौन्सिल आहे, वकिलांना सनद आहे, सीएंना त्यांची इन्स्टिट्यूट आहे, आपल्याला यातलं काहीच नाही, कोड लिहायला लायसन लागत नाही. त्यामुळे आपल्या बाबतीत कायदा म्हणजे मुख्यतः तुम्ही सही केलेला कागद आणि तुम्ही हात लावलेला डेटा. मी वकील नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चौदा वर्षं घासलेला माणूस आहे, पण ही कलमं स्वतः बसून वाचलीत, आणि प्रकरण पैशांचं किंवा पोलिसांचं झालं तर वकीलच गाठा.

पायरी १: सही करायच्या आधी अख्खा कागद मागा

ऑफर लेटर दोन पानांचं असतं आणि खरी गंमत जॉइनिंगच्या दिवशी येते, तीस-चाळीस पानं, इंडक्शनच्या गोंधळात, 'सर बस इथे इथे सही करा'. म्हणून ऑफर स्वीकारतानाच एचआरला मेल टाका की अपॉइंटमेंट लेटर, गुप्ततेचा करार, बॉन्ड असेल तर तो, सगळ्याचा नमुना आधी पाठवा. कुणी नाराज होत नाही, फार तर उत्तर उशिरा येतं. मग त्यात पाच गोष्टी शोधा: नोटीस किती दिवस आणि पैसे भरून लवकर सुटता येतं का, बॉन्डची रक्कम, सोडल्यानंतरचे निर्बंध, तुम्ही बनवलेल्या गोष्टी कुणाच्या, आणि भांडण झालं तर कोर्ट कुठलं.

ते कोर्टाचं कलम लोक वाचतच नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की करारात 'फक्त मुंबईचं कोर्ट' असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते चालतं, कर्मचारी पाटण्यात किंवा दिल्लीत का काम करत असेना. म्हणजे तुम्ही नागपुरात घरून काम करताय आणि कागदावर बेंगळुरू असेल तर तारखेला बेंगळुरूची गाडी धरायची तयारी ठेवा.

पायरी २: 'एक वर्ष कुठे जाता येणार नाही' हे कलम शांतपणे वाचा

१८७२ चा आपला करार कायदा, त्याचं कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, इतकं सरळ आहे (धंदा विकताना गुडविलबाबत एक अपवाद आहे, तो आपल्या कामाचा नाही). नोकरी संपल्यानंतरची असली बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही, म्हणून त्या पोराने तीन महिने उगाच झोप घालवली.

पण इथे एक मेख आहे. बंदी नोकरीच्या मुदतीतली असेल तर ती टिकते. याचं गाजलेलं प्रकरण आपल्या कल्याणचंच आहे, सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यातलं. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता, टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचं परदेशी तंत्र त्याला शिकवलं होतं, आणि दोन वर्षांच्या आतच जास्त पगारावर तो कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये कंपनीची बाजू घेतली, कारण ती पाच वर्षं अजून चालू होती आणि धोका गुप्त माहितीचा होता. आयटीतला अर्थ काय, तर नोटीस पिरियड चालू असताना गुपचूप दुसरीकडे जॉइन होऊ नका. आणि गुप्ततेचा करार नोकरी संपल्यावरही मागे लागतो, तो कलम २७ दाखवून झटकता येत नाही.

पायरी ३: बॉन्डवाल्यांनी जरा हिशोब करा

फ्रेशर पोरांना सगळ्यात जास्त छळतो तो बॉन्ड. 'दोन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख.' शंभरच्या स्टॅम्प पेपरवर घ्यायचे, आता पाचशेच्या. मित्र सांगतात की असले बॉन्ड बेकायदेशीर असतात, सरळ निघून जा. हे अर्धवट ज्ञान आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं आणि दोन लाखांचा बॉन्ड मान्य केला. अधिकारी मुदतीआधी राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत गेला होता, पैसे भरताना 'मला हे मान्य नाही' असं लिहून भरले होते, हायकोर्टाने परत द्यायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. पण ती सरकारी बँक होती, भरतीसाठी जाहिरात-परीक्षा असा खर्च पुन्हा करावा लागतो हे कोर्टाने धरलं आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाच्या सवा नाही असंही म्हटलं. आठवडाभर यूट्यूबचे व्हिडिओ दाखवून त्याला 'ट्रेनिंग' म्हणणाऱ्या दहा माणसांच्या कंपनीला हाच न्याय लागेल असं समजू नका.

करार कायद्याचं कलम ७४ इथे उपयोगी पडतं: करारात आकडा काहीही लिहिला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही कमाल मर्यादा. शिवाय कोर्ट तुम्हाला खुर्चीला बांधून काम करायला लावू शकत नाही, विषय शेवटी पैशांवर येतो. म्हणून सही करतानाच दोन गोष्टी लेखी मागा, ट्रेनिंगवर नक्की काय खर्च होणार आणि जितके महिने काम केलं तितकी रक्कम कमी होणार का. दुसरी बऱ्याच कंपन्या मान्य करतात, कुणी मागतच नाही हो.

आणि दोन गोष्टी कध्धीच देऊ नका. मूळ मार्कशीट-डिग्री, आणि सही केलेला कोरा चेक. चेक बाऊन्स झाला तर तो वेगळाच फौजदारी विषय होतो, मग बॉन्ड वाजवी का अवाजवी ही चर्चा करत तारखा मोजायच्या.

(साइड इन्कमवाल्यांसाठी एवढंच: २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धकांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, त्याच वर्षी इन्फोसिसने परवानगी घेऊन छोटी कामं करायला वाट दिली. परवानगी लेखी घ्या, पीएफच्या यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर, दोन कंपन्या दिसतात.)

पायरी ४: कोड कुणाचा हे आधी ठरवा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम 'साहित्यकृती'त धरलाय. हो, तुमची ती तीन हजार ओळींची युटिल्स फाइल कविता-कादंबरीच्या रांगेत बसते. कलम १७ सांगतं की नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिली मालक कंपनीच, वेगळा करार नसेल तर. तेव्हा 'मी रात्री जागून लिहिलं' याला काही किंमत नाही, त्या पोराच्या स्क्रिप्टा त्याच्या नव्हत्याच.

वीकेंडला स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं काय? इथे तुमच्या करारातलं मालकीचं कलम बघावं लागतं. काही कंपन्या 'नोकरीच्या काळात बनवलेलं सगळं आमचं' असं बिनदिक्कत लिहितात. तुमचा आधीपासून एखादा प्रोजेक्ट असेल तर जॉइन होतानाच त्याचं नाव, रेपोची (कोड ठेवलेल्या जागेची) लिंक, सुरू केल्याची तारीख लिहून मेल करा आणि त्याला 'ओके' असं उत्तर मिळवा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा गिटहब अकाउंट, तिन्ही त्या प्रोजेक्टपासून लांब ठेवा.

फ्रीलान्सरचं बरोबर उलटं आहे आणि हे फार कमी लोकांना माहितीये. तुम्ही नोकर नाही, त्यामुळे लेखी हस्तांतर होईपर्यंत कोडचा कॉपीराइट साधारणपणे तुमच्याकडेच राहतो. कलम १९ म्हणतं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, भूभाग लिहिला नसेल तर फक्त भारत. क्लायंट पैसे बुडवतोय असं वाटत असेल तर करारात एक ओळ घाला, 'पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील'. एका मैत्रिणीचं डोंबिवलीच्या दुकानदाराकडे अडकलेलं बिल या एका ओळीवर सुटलं, ती मोठ्याने भांडलीसुद्धा नाही, फक्त ती ओळ पिवळी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

पायरी ५: शेवटच्या महिन्यात हात खिशात ठेवा

खरा खड्डा हा. आयटी कायदा २०००, कलम ४३: मालकाच्या परवानगीशिवाय डेटा डाउनलोड करणं, कॉपी करणं, सोर्स कोड चोरणं किंवा नष्ट करणं, यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्याकडे लॉगिन आहे म्हणजे घरी न्यायची परवानगी आहे असं होत नाही.

आणि कळतं हो त्यांना. पेपर टाकला की बऱ्याच कंपन्यांत तुमच्या अकाउंटवर जास्त लक्ष असतं, पेनड्राइव्ह, वैयक्तिक मेल, ड्राइव्हवर अपलोड, प्रिंटर, सगळ्याच्या नोंदी राहतात. लॅपटॉप परत करताना लोक उत्साहाने फॉरमॅट मारतात, तेही करू नका, 'पुरावा पुसला' असा अर्थ निघतो आणि कंपनीचा डेटा गेला तर ते प्रकरण वेगळं. स्वतःचे फोटो, बँकेचे पीडीएफ असं काही त्यावर असेल तर आयटी टीमला तिकीट (लेखी विनंती) टाकून, त्यांच्या समोर काढा. सगळ्यात उत्तम म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यावर लग्नाचे फोटो ठेवूच नका.

तुमचं जे आहे ते मात्र वेळेत घ्या, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल बंद होतं: सगळ्या पे-स्लिप, फॉर्म १६, अपॉइंटमेंट आणि इन्क्रिमेंट लेटर, पीएफचा तपशील.

ग्राहकांचा डेटा तर बघूही नका. करारामुळे हाती आलेली कुणाची वैयक्तिक माहिती फायद्यासाठी किंवा नुकसान करायला बाहेर दिली तर आयटी कायद्याचं कलम ७२अ आहे, त्यातही तीन वर्षांपर्यंत कैद. २०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणासाठी कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, तो तुमच्या खिशातून जात नाही, पण एवढा आकडा समोर असल्यावर कंपनी झिपवाल्याला प्रेमाने बोलावणार नाही. एआयच्या चॅटमध्ये कोड चिकटवणंही याच पंगतीतलं, सॅमसंगच्या इंजिनीअरांनी २०२३ मध्ये सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने असल्या टूलवर बंदीच घातली. केटीचं, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून सोपवायचं, डॉक्युमेंट 'जरा नीट करून घेतो' म्हणून बाहेरच्या टूलमध्ये टाकणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

पायरी ६: चुकीचं काम सांगितलं तर मेलवर विचारा

'साहेबांनी सांगितलं म्हणून केलं' हे प्रत्येक वेळी वाचवत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर होतं, २०१५ मध्ये ते उघडं पडलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत जेम्स लियांग या इंजिनीअरला ४० महिन्यांची कैद झाली. तो काही मालक नव्हता. एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या जागतिक संघटनेची आचारसंहिता आहे, २०१८ मध्ये नव्याने लिहिलेली, नुकसान टाळा, प्रामाणिक राहा, खासगीपणा जपा अशी. ती मोडल्याने तुमचं लायसन जात नाही कारण लायसनच नाही, पण नाही म्हणताना टेकायला कामाला येते. आपल्याकडेही ग्राहक प्राधिकरणाने २०२३ मध्ये १३ डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्या, सांगून त्यांना बंदी घातली, गुपचूप कार्टमध्ये वस्तू टाकणं, सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण लपवणं वगैरे. असं काम सांगणारं तिकीट आलं तर भांडू नका, फक्त लिहा: 'हे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत बसतं का, लीगलकडून कन्फर्म कराल का?' माझ्या अनुभवात निम्मी तिकिटं या एका मेलनंतर आपोआप गायब होतात.

पायरी ७: शेवटचा दिवस

लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड, टोकन देताना सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, गार्डकडे ठेवून निघू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचाय, एचआर 'पंचेचाळीस दिवस लागतात' म्हणाली तर नम्रपणे या संहितेचं कलम १७ लिहून पाठवा. पीएफला कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. आणि केक कापून झाल्यावर जागेवर परत जाऊन बसू नका, लॅपटॉप आधी द्या, केक नंतर खा.