हिमोग्लोबिन मीटरने तपासणी कशी करावी?

खिशात मावणारा हिमोग्लोबिन मीटर मिनिटाभरात आकडा दाखवतो आणि यंत्र म्हणून तो सहसा चोख असतो. घोटाळा होतो तो बोटावर. म्हणून बटणं नंतर, आधी थेंब घ्यायला शिका.

सुरुवातीला डबीवरची मुदत बघा आणि स्ट्रिप (रक्त घ्यायची पट्टी) किंवा क्युव्हेट (रक्त भरायची छोटी पारदर्शक चकती) तुमच्याच मॉडेलची आहे ना, तेही. काही क्युव्हेटमध्ये कोरडं रसायन असतं, ते दमट हवेने खराब होतं. एक काढली की झाकण लगेच घट्ट लावा.

ज्याचं रक्त तपासायचं त्याला थोडा वेळ बसवा. झोपून असलेल्या माणसाचा आकडा किंचित कमी येतो. हात गार असतील तर कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. मधलं बोट किंवा अनामिका निवडा, तीही टोकाच्या जरा कडेला. तिथे दुखतं कमी. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या, नाहीतर थेंब गोल न राहता पसरतो.

लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची छोटी सुई, घट्ट टेकवून टोचा. दया येऊन हलकंच टोचलं की रक्त येत नाही आणि मग बोट पिळलं जातं. नेमकं तेच टाळायचं. पिळल्याने पेशींभोवतीचा पाणीदार द्रव रक्तात मिसळतो आणि हिमोग्लोबिन चुकीचं दिसतं. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका. पुढचा थेंब टपोरा होऊ द्या आणि क्युव्हेटचं टोक त्यात बुडवा. रक्त आपोआप वर चढतं. अर्धवट भरली तर पुन्हा थेंबाला लावू नका, सरळ नवी घ्या. बाहेरून पुसताना उघड्या तोंडाला कापूस लागला तर तो आतलं रक्त ओढून घेतो. आता ती उजेडात धरा. मीटर रक्तातून प्रकाश सोडून तो किती शोषला गेला हे मोजतो, त्यामुळे मधोमध बुडबुडा दिसला तर ती क्युव्हेट बाद.

आकडा वाचताना एकक बघा: 12.4 ग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच 124 ग्रॅम प्रति लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांत 13 आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत 12 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणात ही मर्यादा 11 असते, मधल्या तिमाहीत 10.5. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांचा आणि धूम्रपान करणाऱ्यांचा आकडा मुळातच चढा असतो. त्यांच्या बाबतीत 'नॉर्मल' वाचून निर्धास्त होऊ नये.

दोन थेंबांत एखाद्या ग्रॅमचा फरक पडू शकतो. आकडा सीमेवर असेल किंवा कमी आला तर शिरेतलं रक्त देऊन प्रयोगशाळेत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी, करून घ्या. आकडा लोहाच्या कमतरतेमुळे कमी आहे, बी-12 जीवनसत्त्वाच्या की थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्ताच्या आजारामुळे, हे मीटर सांगत नाही. तेव्हा मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर दुसऱ्या चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

लॅन्सेट एकाला एकदाच. वापरलेली जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात टाका, आणि मीटरचा क्युव्हेट ठेवायचा कप्पा माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे पुसून ठेवा.