व्हिजिटिंग कार्ड मिळालं, आता दुसरा फोन कसा करायचा

ओळखी वाढवण्याचे सल्ले वाचले की मला हसू येतं. आरशासमोर सराव करा, तीस सेकंदांत स्वतःची ओळख करून द्या, हात घट्ट मिळवा. भोसरीत मशीनिंगच्या जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे पार्ट मशीनवर काढून देण्याची शेड चालवतो, २२ वर्षं झाली. हात ढिला मिळवला म्हणून एकही काम गेलं नाही. कामं गेली ती घरी परतल्यावर फोन केला नाही म्हणून.

तरी क्रमाने सांगतो.

कुठे जायचं? जिथे तुम्हाला काम देऊ शकणारी माणसं स्वतः बघायला येतात तिथे. आमच्या धंद्यात बंगळुरूचं इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन, मोशीची प्रदर्शनं, मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेची व्याख्यानं. वर्षाला दोन ठिकाणं पुरेत.

सोबत काय न्यायचं? कार्डं, पेन आणि खिशात मावेल असा, आपण स्वतः काढलेला एखादा पार्ट. ब्रोशर नको. पार्ट हातात ठेवला की कामातला माणूस आधी त्याच्या कडेवरून नख फिरवतो, बर (कापताना कडेला उरणारा धातूचा बारीक कंगोरा) राहिलाय का बघतो. बोलणं तिथूनच सुरू होतं.

स्टॉलवरच्या सेल्समनशी गप्पा मारत बसू नका, त्याला मशीन विकायचंय. चालू मशीनच्या काचेसमोर जो दहा मिनिटं हलत नाही, तो तुमचा माणूस. "तुमच्याकडे कुठला जॉब चालतो?" एवढंच विचारा. स्वतःबद्दल त्याने विचारल्यावर सांगा.

त्याच रात्री कार्डाच्या मागे लिहा: कुठे भेटला, कशाला वैतागला होता. नुसतं नाव असलेलं कार्ड महिनाभरात मुकं होतं. माझ्या टेबलाच्या खणात अशा मुक्या कार्डांचा एक गठ्ठा आहे. त्याचा रबरबँड उन्हाळ्यात वितळून वरच्या कार्डाला चिकटलाय.

आता खरी गोष्ट, दुसरा फोन.

२०१७ च्या इमटेक्सला कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे साहेब भेटले. पातळ भिंतीच्या हाउसिंगमध्ये (पोकळ कवचासारख्या पार्टमध्ये) ओव्हॅलिटी येते, म्हणजे गोल भोक लंबगोल होतं, म्हणून त्रासले होते. अर्धा तास बोललो. निघताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात फोन करा." मी केला नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, साहेब बिझी असतील. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आपली कुठे एवढी ओळख. महिना उलटल्यावर वाटलं, आता फोन करायला तोंड कुठे उरलंय! आठ महिन्यांनी कसाबसा केला, तर ते म्हणाले, "अहो, तुमची वाट बघितली. शेवटी राजकोटला दिलं काम."

आमची आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. तेव्हा ते मला पटलं.

"आपली कुठे एवढी ओळख" हे कारण तर अगदीच पोकळ आहे. पुतणी एमबीए करत होती, तेव्हा तिने मला मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख वाचून दाखवला. बॉस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्याने विचारलं, हा ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार म्हणणारे निघाले जेमतेम १७ टक्के. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून, नाहीतर क्वचितच व्हायच्या. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर लांबचा माणूस आणतो. तेव्हा ओळख पातळ आहे म्हणून लाजायचं काही कारण नाही.

फोन तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत करा. आधी नको, परत आल्यावर दोन दिवस तो साचलेलं काम उपसत असतो. महिन्याच्या शेवटी तर नकोच, डिस्पॅचची घाई असते. त्यांच्या एमआयडीसीची सुट्टी कुठल्या वारी असते तेही बघा. आमच्याकडे गुरुवार, पण सगळीकडे तोच नसतो. वेळ साडेअकराच्या पुढची.

"आधी व्हॉट्सॲप टाकू का?" हे मला हमखास विचारतात. नाही. मेसेज ही लपायची जागा आहे. निळी टिक आली, उत्तर आलं नाही, की आपण मनातल्या मनात सुटलो. आधी फोन, मग मेसेज.

दोन वाक्यं तोंडातून काढू नका. एक, "सहजच केला होता." सहज कोणी फोन करत नाही, हे त्यालाही कळतं. दुसरं, "काही काम असेल तर सांगा." त्यावर समोरच्याला "सांगतो" म्हणून फोन ठेवण्याखेरीज काही उरत नाही. सुरुवात त्याच्याच अडचणीपासून करा. माझं बोलणं असं असतं:

"नमस्कार साहेब, भोसरीहून बोलतोय. इमटेक्सला भेटलो होतो, तुम्ही हाउसिंगच्या ओव्हॅलिटीबद्दल म्हणाला होतात. आमच्याकडे तसाच एक जॉब आहे. त्याचं क्लॅम्पिंग कसं केलंय त्याचा फोटो पाठवू का?"

एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं, पुढचं वाक्य जिभेवर येतंच. ते गिळा. नव्वद टक्के वेळा समोरचा "पाठवा ना" म्हणतो (टक्केवारी माझ्या अनुभवाची, मोजलेली नाही). माझे सुरुवातीचे असे फोन मी शेडमागे लावलेल्या गाडीत, काचा वर करून, चिठ्ठीवरून वाचून केलेत. त्यात काही कमीपणा नाही, समोरच्याला चिठ्ठी दिसत नाही.

उचलला नाही तर चार दिवसांनी वेगळ्या वेळी पुन्हा एकदा करा. तोही गेला तर फोटो पाठवून द्या आणि तीन महिने विसरा. न उचललेला फोन म्हणजे अपमान नव्हे. तुम्ही स्वतः किती उचलत नाही, ते आठवा.

पुढे संबंध टिकवणं सोपं आहे. दिवाळीला फॉरवर्ड केलेला दिवा पाठवू नका, तीन-चार महिन्यांनी त्याच्या उपयोगाचं काही पाठवा. आपल्याला न परवडणारं काम आलं की त्याचं नाव सुचवा.

कोल्हापूरच्या त्या फोनमध्ये मी लाज गुंडाळून राजकोटवाल्याचा नंबर मागून घेतला. मोठ्या लॉटची ॲल्युमिनियमची कामं माझ्या दोन मशीनवर बसत नाहीत, ती आता मी त्याच्याकडे पाठवतो. गेल्या पावसाळ्यात त्याने मला एक पाठवलं.