म्हाताऱ्या सशाचे मागचे पाय अधू झालेत? या चुका टाळा

"वय झालंय त्याचं, आता असंच चालायचं." ससा मागचे पाय ओढायला लागला की घरात कुणीतरी हे म्हणतंच, आणि तिथून पुढचे दोन महिने त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

नीट सांभाळलेला घरचा ससा आठ ते बारा वर्षं जगतो. पाच-सहा वर्षांचा झाला की त्याला वयस्कर धरावं. या वयात सांधे झिजतात, पाठीच्या मणक्यांवर हाडाची वाढ होते, कणा ताठरतो. हे सगळं त्याला दुखतं, आणि दुखणं औषधानं बऱ्यापैकी आटोक्यात येतं. शिवाय मागचे पाय लुळे पडण्याचं कारण दरवेळी सांधेच असतील असंही नाही. मणक्याला मार बसलेला असू शकतो, तळपायाला जखमा असू शकतात, किंवा ई. क्युनिक्युलाय नावाचा सूक्ष्म परजीवी मज्जासंस्थेत आणि मूत्रपिंडात शिरलेला असू शकतो. या परजीवीवर डॉक्टर फेनबेंडाझोल हे जंताचं औषध देतात, साधारण 28 दिवस. चारही कारणांत ससा लांबून सारखाच दिसतो. म्हणून घरच्या घरी निदान करू नका, आणि शेळ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली घरात आहे म्हणून त्यातलं चमचाभर पाजूही नका. परजीवीचा संशय असेल तर त्याची लघवी साफ केल्यावर हात साबणानं धुवा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे काम त्यांना देऊ नका.

लंगडायची वाट बघत बसणं

ससा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे दाखवलं की त्याचं मरण ओढवतं, त्यामुळे तो ओरडत नाही, पाय उचलून धरत नाही. तो उघड लंगडायला लागेपर्यंत दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

त्याआधीच्या खुणा बारीक असतात. पूर्वी खाटेवर किंवा दिवाणावर उडी मारायचा, आता खालूनच बघतो. आडवा पडून पाय ताणायचा, आता नुसता गोळा होऊन बसतो. लघवीला ट्रेपर्यंत जातो, पण ट्रेच्या बाहेरच करतो. घरच्यांना वाटतं वळण बिघडलं, खरं तर त्याला कड ओलांडवत नाही. पाठीवर, शेपटीच्या वरच्या भागात कोंडा दिसतो, कारण मान वळवून तिथवर चाटता येत नाही. एका कानात मळ साचतो, कारण त्या बाजूचा मागचा पाय कान खाजवायला उचलत नाही. ही शेवटची खूण फार लोक बघत नाहीत. दोन्ही कान उलटून बघा, फरक दिसला तर कुठल्या बाजूचा पाय दुखतोय याचा अंदाज येतो.

दातांचा आवाजही ऐका. डोक्यावरून हात फिरवताना हलकी कुरकुर येते ती समाधानाची. कोपऱ्यात डोळे अर्धवट मिटून बसलाय आणि दात जोरात करकर वाजतायत, तर ते दुखणं समजावं.

गुळगुळीत फरशी

आपल्याकडे जुन्या घरांत घासून गुळगुळीत झालेली शहाबादी, नव्या घरांत चकचकीत टाईल्स. दोन्ही सशाला वाईट. कुत्र्या-मांजरासारखी पायाला गादी त्याला नसते, तळव्याला नुसते केस असतात, आणि केस फरशीवर घसरतात. तरुण ससा नखं रोवून, ताकदीनं निभावून नेतो. म्हाताऱ्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि ते परत आत ओढायची ताकद त्याच्यात नसते.

असा ससा सतरंजीच्या कडेपर्यंत येतो, पुढचा पाय फरशीवर टेकवतो, मागे घेतो आणि तिथंच बसून राहतो. "आळशी झालाय" म्हणून घरचे हसतात. अहो, त्याला भीती वाटतेय.

उपाय स्वस्त आहे. त्याची रोजची वाट ठरलेली असते: बसायचा कोपरा, ट्रे, पाणी, गवत. तेवढ्या वाटेवर न सरकणारं काहीतरी अंथरा. जाड सतरंजी चालते, पण तिच्याखाली रबरी जाळी घाला, नाहीतर ती सशासकट सरकते. घोंगडी चालते. बारदाना मात्र नको. स्वस्त आणि खरखरीत म्हणून लोक तोच आधी आणतात, पण त्याच्या सुतळीत नख अडकतं आणि अडकलेला ससा घाबरून झटका देतो. नख तर उपटतंच, कधी पायही मोडतो.

तारेच्या तळाचा पिंजरा असेल तर तो आजच बदला. फार्मवरून आणलेले पांढरे न्यूझीलंड व्हाइट ससे चार-पाच किलोंचे असतात. एवढं वजन तारेवर पडलं की घोट्याच्या मागचे केस झडतात, कातडी लाल होते, मग जखम, मग हाडापर्यंत संसर्ग. आठवड्यातून एकदा तळवे उलटून बघा. टक्कल दिसलं तरी अंथरूण मऊ करायची वेळ आली. नखं चार ते सहा आठवड्यांनी कापा, कारण चालणं कमी झालं की ती झिजत नाहीत, आणि लांब नखांनी पायाची ठेवणच बिघडते.

ट्रेची एक बाजू जमिनीलगत कापून घ्या, किंवा सरळ मोठी पसरट परात वापरा. पाण्याची बाटली लटकवली असेल तर काढा, मान वर करून चाटणं त्याला जड जातं. जड, बसक्या भांड्यात पाणी द्या. अडगळीत पडलेला उथळ दगडी खल असेल तर उत्तम, धक्का लागून कलंडत नाही.

"त्याला त्रास नको" म्हणून दिवसभर पिंजऱ्यात बसवून ठेवणंही चूकच. बसून राहिलेल्या सशाचे उरलेसुरले स्नायू जातात आणि आतडं मंदावतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, त्याच्या मनानं फिरू द्या.

ओलं बूड

म्हाताऱ्या सशाचा जीव पायांपेक्षा जास्त वेळा इथं जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कडक, गोल, त्या आपण झाडून टाकतो. दुसऱ्या मऊ, चिकट, घोसासारख्या असतात. त्या तो वाकून थेट गुदद्वाराशीच तोंड नेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. कणा ताठरला की वाकणं होत नाही. मग त्या लेंड्या बुडाला चिकटतात. बूड उचलून नीट उभं राहता येत नाही, म्हणून लघवी मांड्यांवर सांडते. केस भिजतात, कातडी पोळते. लघवी जिरवायला वर फ्लीसचं ब्लँकेट, खाली वर्तमानपत्रांचा जाड थर अशी रचना करा. ओल खाली उतरते, वरचं कोरडं राहतं. जुन्या गोधडीचे दोरे तो कुरतडून गिळतो, ती नको.

पावसाळ्यात या ओल्या बुडावर माशी बसते. अंडी घालते आणि काही तासांत, फार तर दिवसभरात, त्यातून अळ्या निघतात. त्या जिवंत कातडीत शिरतात. सकाळी बरा दिसलेला ससा दुसऱ्या सकाळी बेशुद्ध सापडतो तो यामुळे. जून ते ऑक्टोबर दिवसातून दोनदा त्याला टॉवेलवर घ्या आणि शेपटीखालचे केस बोटांनी फाकवून मुळापर्यंत बघा. केसांना चिकटलेले पिवळट-पांढरे बारीक दाणे दिसले तर ती अंडी आहेत. बारीक फणीनं काढा. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं निघतील तेवढ्या काढत, वेळ न घालवता डॉक्टरकडे निघा. बैलाच्या जखमेत किडे पडल्यावर टर्पेंटाइन ओतायची खेड्यात पद्धत आहे. सशावर ते करू नका, फिनाईल आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. कातडीतून आणि चाटण्यातून ते त्याच्या अंगात जातं.

बूड खराब झालं म्हणून बादलीत घालून आंघोळ घालणं ही दुसरी चूक. पूर्ण भिजलेला ससा गारठतो आणि घाबरतो. धडपडीत मणका मोडल्याचीही उदाहरणं आहेत. कोमट पाण्यात फडका भिजवून तेवढीच जागा पुसा आणि लगेच टॉवेलनं पूर्ण कोरडी करा. कोरडी, चिकटलेली घाण असेल तर तिच्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, बोटांनी हळूहळू मोकळी करा, मग झटकून टाका. टाल्कम पावडर नको. केस कापायचे तर कात्री टाळा. सशाची कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर ती कधी कापली हे कळतही नाही.

लघवी रांगोळी कालवल्यासारखी पांढरी आणि घट्ट येत असेल तर मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साचलाय. थोडी गढूळ लघवी सशाची नेहमीचीच, आणि पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे ती कधी नारिंगी-तांबूसही होते, त्यानं घाबरू नका. घट्ट गाळ मात्र डॉक्टरांना दाखवा. मूत्राशय दाबून रिकामं करायची पद्धत असते, पण डॉक्टरांनी हातात हात धरून शिकवल्याशिवाय करू नका.

लाडाचं खाणं

"बिचारा आता किती दिवसांचा" म्हणून पोळी, बिस्किट, केळं. वजन वाढतं आणि त्याच सांध्यांवर पडतं. उलट काही म्हातारे ससे सुकतात, आणि लांब केसांत ते दिसत नाही. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा, किराणा दुकानातला काटा चालतो. दहावा हिस्सा वजन कमी झालं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

पोट भरायचं ते वाळलेल्या गवतानं. मारवेल, हरळी चांगली. माळावरचं कुसळी गवत नको, त्याची कुसळं हिरड्यांत आणि डोळ्यांत रुततात. कडब्याची वाळलेली, बुरशी नसलेली पानं तोंडी लावायला द्या, पण कोवळी हिरवी ज्वारी कधीच नको. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य जास्त असतं, तीवर गुरंही दगावतात. लसूणघास कॅल्शियमनं भरलेली, त्यामुळे गाळाचा त्रास असलेल्याला बंद. अगदीच हडकलेल्या सशाला डॉक्टर ती थोडी सुचवतात, ती गोष्ट वेगळी. बांधावरून पाला आणत असाल तर गाजरगवत निवडून टाका, आणि शेजारच्या कापसावर-तुरीवर फवारणी झालीय का ते शेतमालकाला विचारूनच कापा.

ससा दहा-बारा तास काही खात नाही, लेंड्या पडत नाहीत, तर ती तातडीची वेळ. "उद्या बघू" इथं चालत नाही.

घरातल्या गोळ्या

आजोबांच्या गुडघ्याची गोळी सशाला पाव करून देणारे लोक आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पोटात जखमा करतात, मूत्रपिंड बिघडवतात. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेल्यावर ते खाऊन गिधाडं मरतात, म्हणून ते 2006 पासून जनावरांसाठी बंदच आहे. सशाच्या सांध्यांना डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण कुत्र्याचा डोस सशाला लागू होत नाही. सशाचं शरीर ते लवकर बाहेर टाकतं, म्हणून मात्रा त्यांनीच ठरवायची, मूत्रपिंडं बघून. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यातून ससा मरू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांचा फिप्रोनिल स्प्रेही त्याला विषारी.

पत्र्याखालची दुपार

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. सशाला 30 च्या वर गेलं की त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता जाते तेवढीच. तरुण ससा उठून मोरीजवळ किंवा खाटेखाली जातो. अधू ससा जिथं ठेवला तिथंच भाजतो, आणि खिडकीतलं ऊन सरकत त्याच्या अंगावर आलं तरी हलत नाही.

माळवदाचं घर असेल तर प्रश्न निम्मा सुटला. पत्र्याचं असेल तर सकाळी दहानंतर त्याची जागा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, पण त्याला सरकून लांब जाता येईल एवढी जागा सोडा. कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. लाईट गेल्यावर काय, हे आधीच ठरवून ठेवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापले असतील, तर कान साध्या पाण्यानं ओले करत दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

उचलणं

कान धरून कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, अंगाशी घट्ट. पाठ मोकळी सुटली की तो लाथ झाडतो आणि स्वतःच्याच ताकदीनं मणका मोडून घेतो. लेकरांना बसल्या जागी मांडीवर द्या, उभ्यानं नको.

जोडीदार ससा असेल तर "तो त्याला धक्के मारतोय" म्हणून लगेच वेगळा करू नका. म्हाताऱ्याचे डोळे, कान, मान तोच चाटून साफ करत असतो. खरंच चावतोय असं दिसलं तरच वेगळं करा.

दवाखान्यात जाताना

गावातल्या पशुवैद्यकांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, सशाचे रुग्ण त्यांच्याकडे कमी येतात. त्यात त्यांचा दोष नाही. आधी फोन करून "ससे बघता का?" विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं एक्स-रे काढून घेता येतो का ते विचारा. प्रवास पहाटे करा. टोपलीत दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा म्हणजे वळणावर तो लोळत नाही. त्याच्या ओळखीचं गवत बरोबर घ्या. वाटेत उपाशी ठेवू नका. ससा उलटी करत नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी कुत्र्याला ठेवतात तसं त्याला उपाशी ठेवायचं नसतं.

आणि घरीच, सतरंजीवर चालतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. टेबलावर ठेवला की ससा दगड होऊन बसतो, एक पाऊल टाकत नाही, आणि तुम्ही कितीही सांगितलं तरी डॉक्टरांना तो कुठला पाय ओढतो ते दिसत नाही. मागून एक, बाजूनं एक, अर्धा अर्धा मिनिट पुरे.