अभिजात कवितेला नवी चाल लावताना

कोकणात चालींची वाण कधीच नव्हती. सिंधुदुर्गात दशावताराचे आख्यान पेटी आणि पखवाजावर उभे राहते, रत्नागिरीकडे जाखडीचे फेर घुंगरांच्या ठेक्यावर फिरतात आणि डबलबारीची भजने रात्र जागवतात. या श्रीमंतीमुळेच जुन्या कवितेला चाल लावू पाहणारा आपल्याकडचा माणूस ओठांवर आधीच असलेल्या चालीत कविता बसवून मोकळा होतो. मी केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ ही कविता प्रथम भजनी ठेक्यात बांधली, तेव्हा मात्रा अचूक आल्या, पण कवितेतला काळोख पार नाहीसा झाला. चाल कवितेच्या आतूनच शोधावी लागते, हे मला त्यानंतर उमगले.

कविता निवडताना हक्कांचा प्रश्न आधी मिटवावा. भारतीय कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मालगुंडला जन्मलेले केशवसुत १९०५ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कविता सर्वांसाठी खुल्या आहेत; १९७६ मध्ये निवर्तलेल्या आरती प्रभूंच्या कवितेसाठी मात्र २०३६ अखेरपर्यंत वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागेल.

पेटीला हात लावण्यापूर्वी कविता निदान आठवडाभर मोठ्याने म्हणावी आणि प्रत्येक ओळीच्या मात्रा मोजाव्यात, लघु अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराच्या दोन. ‘सतारीचे बोल’मधली ‘काळोखाची रजनी होती’ ही पहिली ओळ १६ मात्रांची आहे आणि पुढची ‘हृदयी भरल्या होत्या खंती’ हीदेखील १६ मात्रांचीच आहे. येथे ‘भरल्या’मधला ‘र’ जोडाक्षराच्या आधी येत असला, तरी मराठी उच्चारात ‘ल्या’चा आघात हलका असल्याने तो लघुच राहतो, केवळ नियमावर बोट ठेवून मोजणाऱ्याची येथे एक मात्रा वाढते. जुने शब्दरूप सुधारण्याचा मोहही टाळावा, कारण ‘आणुनि’ चार मात्रांचा आहे आणि त्याचे ‘आणून’ केल्यास पाच होतात.

१६ मात्रा आल्या म्हणजे तीनताल ठरला, असे वाटते. खरा निर्णय मात्र समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या, आघाताच्या मात्रेचा असतो. ओळ खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलली, तर पहिल्या ओळीत सम ‘रजनी’वर पडते आणि ते शोभते, दुसऱ्या ओळीत मात्र ती ‘होत्या’ या साहाय्यक क्रियापदावर येऊन आपटते आणि अर्थाचा तोल जातो. त्याच ओळी समेपासून उचलल्या, तर आघात ‘काळोखा’वर आणि ‘हृदया’वर येतो. म्हणून प्रत्येक ओळीत सर्वांत जड शब्द कोणता, हे पेन्सिलीने खूण करून ठरवावे आणि सम तेथे न्यावी.

याच कवितेचे ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ ‘दिड दा, दिड दा, दिड दा’, मात्रांनी मोजले तर १२ भरते आणि आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, चार मात्रा रिकाम्या उरतात. नवखा संगीतकार त्या शेवटचा ‘दा’ लांबवून भरून टाकतो. माझ्या मते त्या चार मात्रा गायकाने सोडून द्याव्यात आणि तेथे सतार किंवा नुसता तानपुरा ऐकू यावा, कारण कवितेतला माणूस त्या वेळी ऐकत असतो. आधी त्याला या बोलांचा त्रास होतो, मग ते त्याला धीर देऊ लागतात आणि अखेर तो शांत मनाने घरी जातो. ध्रुपदाचे शब्द बदलत नाहीत, त्यामुळे हा बदल स्वरांनीच दाखवायला हवा. मी आरंभ मालकंसाच्या अंगाने केला, कारण रिषभ आणि पंचम वर्ज्य असल्याने त्यात हवी ती कोंडी मिळते. पुढच्या कडव्यांत कोमल धैवताच्या जागी शुद्ध धैवत आणला, मग रिषभाचा आणि अगदी हलक्या पंचमाचा स्पर्श दिला, की चाल बागेश्रीकडे सरकते. मध्यमात जुळवलेला तानपुरा दोन्ही रागांना चालत असल्याने मध्येच सूर बदलावा लागत नाही.

लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो त्या अक्षरगणवृत्तांची गोष्ट वेगळी आहे. भुजंगप्रयाताच्या ओळीत पाच-पाच मात्रांचे चार गण असल्याने दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तने नेमकी भरतात. शार्दूलविक्रीडित मात्र फसवे आहे. केशवसुतांच्याच ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसता’ या यतीपर्यंतच्या, म्हणजे ओळीतल्या विरामापर्यंतच्या भागात १८ मात्रा आणि पुढच्या भागात १२ मात्रा येतात, म्हणजे कागदावर सहा मात्रांच्या दादऱ्याची तीन आणि दोन आवर्तने बरोबर बसतात. प्रत्यक्ष गाऊ लागल्यावर तिसरी सम ‘काय’मधल्या ‘का’च्या मधोमध पडते आणि शब्द अडखळतो. अशी कविता तालाविना, तानपुऱ्याच्या साथीने, यतीवर श्वास घेत म्हणावी. ठेका हवाच असेल, तर तो कडव्यांच्या मधल्या वाद्यसंगीतात ठेवावा.

स्वर लावताना लांबवायचे ते दीर्घ अक्षरच. लघु अक्षरावर तान घेतली, की ‘दिन’चा ‘दीन’ होतो आणि कवीने न लिहिलेला अर्थ श्रोत्याच्या कानी पडतो. हरकती आणि मुरक्याही शब्द पूर्ण उच्चारून झाल्यावरच घ्याव्यात.

ध्वनिमुद्रण शक्यतो दिवाळीनंतर करावे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो आणि पत्र्यावरच्या सरींचा आवाज मायक्रोफोन सोडत नाही. त्याआधी चाल स्वरलिपीत लिहून, कविता ठाऊक नसलेल्या एखाद्या गायकाकडून ती गाऊन घ्यावी आणि स्वतः हातात कागद न धरता ऐकावी. जेथे शब्द कळला नाही, ती जागा पुन्हा बांधावी.